खुंटी भिंतीला टेकवून ठेवावी

त्या राज्यात पाणी आणि हुकूम दोन्ही वरून खाली येत. पाण्याला वाटेत दारं होती, हुकमाला नव्हती.

डोंगराच्या माथ्यावर तळं होतं. तळ्यातून एक मातीचा पाट निघे आणि शेतांना वळसे घालत घालत खाली नदीला मिळे. तो कुणी खणला, हे कुणालाच आठवत नव्हतं. त्याचे काळ्या मातीचे काठ जागोजागी ढासळलेले होते, त्यांवर गवत माजलेलं होतं, आणि पावसाळा सरला की सगळ्यांना मिळून आतला गाळ उपसावा लागे. त्या कामाला नाकं मुरडत सगळे जात आणि चिखलात लोळून हसत परत येत. पाट दिसायला गबाळा होता, पण पाणी पोचवत असे.

उताराच्या अगदी खालच्या अंगाला अकरा लहान शेतं होती. ससे, उंदीर, टिटव्या, मुंगसाचं एक कुटुंब, अशा बारक्या जिवांची. कुणाचं शेत चार उड्यांचं, कुणाचं सहा. प्रत्येक शेताच्या तोंडाशी पाटाला एक दार होतं, आणि ही अकराही दारं हौसा नावाची सायाळ सांभाळत असे. ती पाटकरीण होती. कुणाची पाळी कधी, कुणाच्या वाफ्यात किती पाणी, हे तिला तोंडपाठ होतं. अंगावर काटे असल्यामुळे तिच्याशी कुणी फार लगट करत नसे, आणि तिलाही ते बरंच वाटे. पण एखाद्याचं रोप सुकलेलं दिसलं की तिला अन्न गोड लागत नसे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

दारं पाणमांजरांनी केलेली होती. नदीकाठी त्यांचं मोठं घराणं होतं आणि साऱ्या राज्यातल्या दारांचा मक्ता त्यांच्याकडे होता. दार म्हणजे लाकडाची एक फळी, आणि फळीला जोडलेली एक पेटी. पेटीच्या आत कळ, झाकणावर लाखेचा शिक्का, आणि पेटीच्या कुशीतून बाहेर आलेली बोटभर लांबीची खुंटी. पाट भरला की थोड्या वेळाने फळी आपोआप उचलली जाई आणि शेतात पाणी शिरे. पाट ओसरला, ऊन पडलं, की ती आपोआप खाली येई. हे कसं घडतं, ते विचारायची पद्धत नव्हती. दारांबरोबर ताडपत्राची एक पट्टी आलेली होती आणि तिच्यावर तीन सूचना होत्या. शिक्का फोडू नये. फळीला तेल द्यावं. खुंटी भिंतीला टेकवून ठेवावी. हौसाच्या आजीने त्या तिन्ही पाळल्या, आईने पाळल्या, हौसाही पाळत होती.

मग करकोच्यांनी दगडी पाट बांधला.

करकोच्यांना सरळ रेषेचा भारी सोस. त्यांनी तळ्यापासून नदीपर्यंत पांढऱ्या दगडाचा असा पाट आणला की वरून टाकलेलं पान वाटेत कुठेही न अडकता खाली यावं. ना गाळ, ना गवत, ना खेकड्यांची बिळं. खरं बोलायचं तर पाट चांगला होता आणि हौसालाही तो आवडला होता. गाळ उपसून तिची पाठ दरवर्षी धरत असे. करकोच्यांनी दवंडी पिटवली, की येत्या पौर्णिमेला मातीच्या पाटाचं तोंड तळ्यापाशी कायमचं बंद होईल, तरी सर्वांनी आपापली दारं नव्या पाटावर हलवावीत. दगडी पाटाच्या काठाला त्यासाठी खाचा पाडून ठेवल्याच होत्या. हौसाने अकराही दारं काढली, पुसली, तेल दिलं आणि नव्या खाचांत बसवली. प्रत्येक खुंटी भिंतीला टेकली आहे ना, हे तिने दोनदा पाहिलं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खालच्या शेतांची पाळी होती. पाणी आलं, आणि अकरा दारांवरून सळसळत सरळ नदीत निघून गेलं. एकही फळी उचलली गेली नाही.

हौसाने पाण्यात उतरून खांद्याने फळ्या उचलायला सुरुवात केली. दगडी पाटात पाण्याला जोर होता. पाळी संपेपर्यंत दोनच शेतं कशीबशी भिजली, तिच्या पाठीचे सात काटे मोडले, आणि बाकीच्या नऊ शेतांतली नाचणीची रोपं तशीच माना टाकून उभी राहिली. पाळी दर चार दिवसांनी येत असे. कोवळी नाचणी दोन पाळ्या कोरड्या सोसते, तिसरी सोसत नाही. नाचणी गेली असती तर त्या अकरा घरांत हिवाळ्याला खायला दुसरं काही नव्हतं. हौसाने टिटवीला दारांवर नजर ठेवायला सांगितलं आणि ती नदीची वाट चालू लागली.

पाणमांजरांच्या वाड्याला एक खिडकी होती आणि तक्रारी तिथे घेत. खिडकीत पाणमांजरं बसत नसत. त्यांना फार कामं असत. तिथे एक राघू बसवलेला होता. राघू बोलायला अतिशय गोड. त्याने हौसाची विचारपूस केली, तिला बसायला पाट दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, की फळी एकदा उचलून पाहिली का. हौसा म्हणाली, ती उचलली जात नाही हीच तर तक्रार आहे. म्हणजे उचलून पाहिलेली नाही, असं राघूने लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, शिक्का शाबूत आहे का. आहे. तेल दिलं का. दिलं. खुंटी भिंतीला टेकवली का. टेकवली.

"मग ताई, दार चालू आहे," राघू म्हणाला.

हौसाने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याच्यापुढच्या यादीत चार प्रश्न होते, चारांपैकी तीन उत्तरं बरोबर आली होती, आणि तेवढ्यावर दार चालू ठरत होतं. पाट बदललेला आहे असं ती म्हणाली तेव्हा राघूचा चेहरा खुलला. पाट बदलला असेल तर तक्रार पाटाची आहे, आणि पाटाच्या तक्रारी करकोच्यांकडे, वर, तळ्यावर. त्याने तसं पानावर लिहून दिलं आणि पुन्हा या म्हणाला.

नदीपासून तळ्यापर्यंत चढायला हौसाला पुरा दिवस लागला. करकोच्यांचा मुख्य एका पायावर उभा राहून डोळे मिटून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, पाटात पाणी येतं का. येतं. वाहतं का. फार जोरात वाहतं. कुठे गळतं का. नाही. मग पाटाची तक्रार नेमकी काय आहे, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. वरच्या बाजूच्या गव्यांची आणि रानडुकरांची दारं त्याच पाटावर उघडत होती, कारण त्यांनी पाणमांजरांची नवी दारं आणली होती. तेव्हा दोष दाराचा, आणि दारासाठी पाणमांजरांकडे, खाली, नदीवर.

ती पुन्हा खाली आली. खिडकीत आता दुसरा राघू होता. त्याला पहिल्याने काहीही सांगितलेलं नव्हतं. त्याने विचारपूस केली, पाट दिला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

हौसा घरी पोचली तोवर दुसरी पाळी येऊन गेली होती. मुंगसाने आणि सशांनी मिळून एक फळी उचलून धरली होती, तीही मध्येच सुटली आणि एका सशाचा पाय चेचला. रोपांची टोकं पिवळी पडली होती. उंदरांच्या घरातली म्हातारी बांधावर बसून एकेक रोप बोटाने चाचपत होती, आणि ते पाहिल्यावर हौसाच्या मनात इतके दिवस जी काळजी होती तिचा राग झाला. चार दिवस उरले होते. तिने उंदरांच्या दाराची पेटी उपटली, पाठीवर बांधली आणि तिसऱ्यांदा नदीकडे निघाली. या खेपेला टिटवी, मुंगूस आणि दोन ससे तिच्यामागोमाग आले. तिने कुणाला बोलावलं नव्हतं.

खिडकीतल्या राघूला तिने बोलूच दिलं नाही. पेटी फळकुटावर ठेवली आणि सांगितलं, की पेटी करणाऱ्याला बाहेर बोलवा. बरीच कुजबुज झाली. शेवटी पाणमांजरांचा थोरला कारभारी स्वतः बाहेर आला. अंगाला तेल चोपडलेलं, पंजे धुतलेले, गळ्यात दोरीला लाखेचा शिक्का. त्याने पेटी दुरूनच पाहिली आणि शांतपणे सांगितलं, की या जुन्या चालीच्या पेट्या आहेत, त्या करणारे आता राहिले नाहीत, आणि घराण्याने ती चाल सांभाळणं सोडून दिलेलं आहे. दगडी पाटासाठी नवं दार आहे. ते घ्यावं.

हौसाने विचारलं, अकरा नवी दारं मिळतील का. कारभारी हसला. नवं दार मोठ्या शेताचं असतं, तो म्हणाला. चार आणि सहा उड्यांची शेतं त्याला दिसतच नाहीत. अकरा शेतांचे बांध मोडून एक शेत करा, त्याला एक दार घ्या. मग पाळी कुणाची आधी आणि वाफा कुणाचा कुठे, असं मुंगसाने विचारलं. ते नंतर बघता येईल, असं कारभाऱ्याने सांगितलं.

"नवं काही नको," हौसा म्हणाली. "ही कळ चालते कशी, एवढं सांगा. पुढचं माझं मी बघते."

कारभारी म्हणाला, ते घराण्याचं गुपित आहे. पण म्हणण्याआधी त्याने पेटीकडे एक नजर टाकली होती आणि ती हौसाने पकडली. परक्या घरातल्या भांड्याकडे पाहावं तसा तो पेटीकडे पाहत होता. गुपित राखणारा असा पाहत नाही. हा त्या पेटीत काय आहे हे जाणतच नव्हता. त्याच्या बापाने शिक्के मारले, त्याने शिक्के मारले, आणि आत डोकावायचं कुणाच्या मनात आलं नाही.

हौसाने पाठीचा एक काटा उपसला, लाखेखाली घातला आणि शिक्का उडवला.

खिडकीतला राघू पंखांनी डोळे झाकून मागे सरला. सशांनी डोळे मिटून घेतले. पेटी उघडली तर आत बांबूची एक वाकवलेली पट्टी होती, लाकडाचा एक दात होता आणि वाखाच्या सुतळीचा एक पीळ. बस. रागावण्याआधी कारभाऱ्याने मान लांब करून आत पाहून घेतलं, आणि मगच तो रागावला. त्याने जाहीर केलं, की या पेटीचंच नव्हे तर बाकी दहा दारांचंही नाव खिडकीच्या यादीतून कायमचं काढलं जाईल, आणि घराण्याची जबाबदारी या क्षणाला संपली.

"ती सुरू कधी झाली होती ते मला आठवत नाही," हौसा म्हणाली आणि पेटी उचलून निघाली.

वाटेत मुंगसाला वाटत होतं की आपण बुडालो, आणि त्याने तसं म्हणूनही दाखवलं. हौसालाही भीती वाटत होतीच. पण त्या भीतीत एक मोकळेपणाही होता. आता कुणाच्या खिडकीपुढे जाऊन बसायचं नव्हतं.

घरी येऊन तिने उघडी पेटी खाचेत बसवली आणि खुंटी पंजाने आत दाबली. पट्टी वाकली, दात सरकला, फळी उचकली आणि धाडकन खाली पडली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. म्हणजे कळ जिवंत होती. तिला दाब हवा होता, पण पंजाचा दाब टिकत नव्हता. तिने खुंटीमागे दगडाची पाचर ठोकली, तर बांबूची पट्टी कडकन मोडली. ससे रडकुंडीला आले. हौसा मात्र उठली आणि ओढ्यावरून बांबू तोडून आणला. बांबू काही पाणमांजरांच्या घरचा नव्हता. तिने दातांनी तासून नवी पट्टी केली, वाकवली, बसवली आणि कळ पहिल्यासारखी झाली. हे आपल्याला येतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. तरीही खुंटी कुणी दाबायची, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. जुन्या पाटावर ती कोण दाबत होतं? तिथे तर नुसती भिंत होती.

तिसरी पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. सकाळी हौसा जुन्या पाटाकडे गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं पाय तिकडेच वळत होते. पाट कोरडा पडला होता, काठांना भेगा गेल्या होत्या. तिसऱ्या दाराच्या जुन्या जागेपाशी चिमाजी खेकडा आपल्या बिळाच्या तोंडाशी बसून होता. चिमाजी फार म्हातारा होता आणि त्याला सगळ्यांविषयी तक्रारी होत्या. करकोच्यांनी आपल्याला बेघर केलं, दगडात बीळ कसं पाडायचं, असं तो बराच वेळ बोलत राहिला. हौसा ऐकून घेत होती. दोघांचंही नशीब एकाच पाटाबरोबर आटलं होतं.

"एक मात्र झालं," चिमाजी म्हणाला. "पाळीच्या दिवशी जीव मुठीत धरून बसावं लागायचं, ते सुटलं."

त्याला काय म्हणायचंय ते हौसाला कळेना. तेव्हा त्याने उजवी नांगी आपटून सांगितलं, "अगं, पाणी आलं की ही भिंत अंगावर यायची. एकदम नाही. हळूहळू. पण अशी दाबायची की पाय हलवायला जागा राहू नये. मग ऊन तापलं की सोडायची. सारा जन्म मी असाच दबून काढला, हौसाक्का."

चिमाजीच्या बिळाला लागूनच काठात बोटभर खोल एक गुळगुळीत खळगा होता. खुंटी इतकी वर्षं तिथेच टेकलेली होती. तिने तुंबा भरून पाणी आणलं. खळग्यात आपला पंजा घातला, भोवतालच्या मातीवर सगळं पाणी ओतलं आणि तशीच बसून राहिली. आधी काहीच झालं नाही. ऊन वर आलं. चिमाजी विचारत होता की हे काय चाललंय. मग पंजाला चारी बाजूंनी काहीतरी मऊ लागलं. ते थांबलं नाही. काळी माती पाणी पिऊन फुगत होती, आणि तिचा पंजा हळूहळू, न दुखवता, पण कुणाला मागे सारता येणार नाही अशा जोराने बाहेर ढकलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजी, आई आणि ती स्वतः, तिघींनी जन्मभर पेटीला तेल दिलं होतं, पेटीला नमस्कार केला होता, आणि करामत सगळी भिंतीची होती. ज्यांनी ताडपत्रावर तिसरी सूचना लिहिली त्यांना ते माहीत असणार. त्यांनी का लिहिलं नाही कुणास ठाऊक. कदाचित त्यांना वाटलं असेल, भिंत काय, मातीचीच असणार.

तिने चिमाजीला पाठीवर घेतलं आणि पळत सुटली.

दुपारपर्यंत अकरा घरं जुन्या पाटाची माती वाहत होती. सशांनी पानांतून आणली, उंदरांनी तोंडातून, टिटव्यांनी चोचींतून. हौसाने प्रत्येक पेटी खाचेत थोडी पुढे सरकवली, आणि खुंटी व पांढरा दगड यांच्यामध्ये मातीचा लपका भरला. किती जाड लावायची ते चिमाजी सांगत होता. या कामात त्याच्याइतका जाणता राज्यात दुसरा नव्हता, आणि हे त्याला कुणीतरी पहिल्यांदाच बोलून दाखवलं, तेव्हा त्याने त्या दिवसापुरत्या तक्रारी बंद ठेवल्या.

अकराव्या दाराशी काम आलं तेव्हा करकोच्यांचा पहारेकरी येऊन उभा राहिला. दगडी पाटाला माती लावणं हुकमाविरुद्ध होतं. पाट पांढरा राहिला पाहिजे, आणि हे सगळं पाणी येण्याच्या आत खरवडून काढलं पाहिजे, असं त्याने सांगितलं आणि चोच पुढे केली. हौसाने पाठ फिरवली. सायाळीने पाठ फिरवली की तिचं बोलणं संपलेलं असतं. तिचे सगळे काटे उभे राहिले, मोडलेल्या सातांच्या जागाही दिसत होत्या.

"माती काढायची असेल तर आधी मला काढा," ती म्हणाली.

करकोच्याचे पाय लांब आणि उघडे असतात. तो तिथेच थांबला. तिच्या एका बाजूला मुंगूस येऊन उभं राहिलं, दुसऱ्या बाजूला चेचलेल्या पायाचा ससा. एवढ्यात वरून पाणी आलं.

पाणी अकरा दारांवरून सळसळत नदीकडे निघालं, मागच्या दोन्ही वेळांसारखंच. करकोचा म्हणाला, पाहा, काही होत नाही, उगाच पाट घाण केला. सगळे पिवळ्या रोपांकडे पाहत होते. उंदरांच्या म्हातारीने पदराचं टोक दातांत धरलं होतं. पाळीचा चौथा हिस्सा असाच गेला. हौसा खुंटीकडे पाहतही नव्हती. पाहिलं असतं तर धीर सुटला असता. मग पलीकडे लाकडाचा एक बारीक आवाज झाला, जो तिने जन्मभर ऐकला होता. पहिली फळी उचलली गेली. मग तिसरी. मग मधल्या चार एकदम. अकरावी बराच वेळ तशीच राहिली, आणि चिमाजीने मातीवर नांगीने दोन थापा मारल्यावर तीही उठली. शेतांत पाणी शिरलं. म्हातारी खाली बसली आणि ओल्या मातीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून तशीच राहिली.

करकोच्याने बराच वेळ पाहिलं आणि पाय बदलला. माती काढायचं त्याने पुन्हा म्हटलं नाही.

पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी मात्र करकोच्यांची टोळी आली आणि तिने अकराही ठिकाणची माती धुऊन काढली. पाळीआधी सगळ्यांनी ती पुन्हा लावली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी करकोचे आले नाहीत. त्यांना दुसरीकडे पाट बांधायचा होता. पहिल्या दाराच्या मातीत चिमाजीने बीळ पाडलं आणि पाळीच्या दिवशी जीव घुसमटतो म्हणून पुन्हा कुरकुर सुरू केली. नाचणीला पोटऱ्या धरल्या.

बातमी डोंगराला वळसा घालून पलीकडे गेली. राज्यात जुनी दारं फार होती. कुणी ती फेकली होती, कुणी बांध मोडून नवं दार घेतलं होतं, आणि बरेचजण अजून खिडकीपुढे बसून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत होते. ते आता हौसाकडे येऊ लागले. हौसा कुणाकडून काही घेत नसे आणि कुणाला बसायला पाटही देत नसे. जुन्या पाटाचा काठ दाखवी, पेटीचं झाकण काढून दाखवी, एक ओंजळभर, एवढी जाड, मागे दगड असू द्या, असं सांगे आणि आपल्या कामाला लागे. खिडकीपुढची रांग ओसरली. तेव्हा खिडकीत एक नवी वस्तू आली. मुठीएवढी कापडी थैली, तिच्या तोंडाला लाखेचा शिक्का आणि एक चिठ्ठी: जुन्या दारांसाठी. खुंटीमागे ठेवावी. उघडू नये. पहिल्या थैल्यांत नदीची वाळू होती, त्यामुळे काही झालं नाही आणि राघूंना फार बोलणी खावी लागली.

नाचणी पिवळी धमक झाली होती तेव्हाची गोष्ट. हौसा जुन्या पाटाच्या काठावर पलीकडच्या खोऱ्यातून आलेल्या दोन घोरपडींना माती खणून देत होती. समोरून एक पाणमांजर आलं. काखेत रिकाम्या थैल्यांची चवड होती. जवळ आल्यावर तिने ओळखलं. तो थोरला कारभारी होता. बरोबर कुणी नव्हतं. इकडेतिकडे पाहून त्याने विचारलं, की ती माती हीच का, आणि ती कुणाकडून घ्यावी लागते.

"कुणाचीच नाही," हौसा म्हणाली. "खणा आणि घ्या."

तिने आपली कुदळ त्याच्यापुढे टाकली. कुदळ कशी धरायची हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी ती बाजूला ठेवून तो गुडघे टेकून खाली बसला. वाकला तेव्हा गळ्यातला शिक्का मातीत लोळू लागला, म्हणून त्याने तो काढला आणि डाव्या पंजात उंच धरला. मग डावा पंजा तसाच वर ठेवून, उजव्याने तो काळी माती उकरू लागला आणि थैली भरू लागला.